तुझ्या आईची गूळतुला

ये गं, अशी जवळ बस. तू तिकडं शहरात, मी इकडं ओझरच्या पलीकडं, जवळ बसणार कशी म्हणा. पण हे वाचेपर्यंत तरी तो टीव्ही बंद कर आणि मांडी घालून बस. मला तुला रागवायचंय. जरासंच. परवा फोनवर काय बोललीस तू? "आजी, शाळेतल्या मॅडमनी मला जिम्नॅस्टिक्सला निवडलं आणि आई नको म्हणते. तिला काय कळतंय त्यातलं!" आणि खाडकन फोन ठेवलास. 'ठेवते' म्हणायची पण रीत राहिली नाही तुम्हा पोरींना. मी आपली रिसिव्हर कानाला लावून तशीच उभी. तुझ्या आजोबांनी विचारलं, "कुणाचा व्हता?" मी म्हटलं, "कुणाचा न्हाई, राँग नंबर."

बघ, परत खोटं बोलले. एवढ्याशा गोष्टीला. ही खोड माझी जुनी आहे आणि आज तुला तिचंच सांगायचंय.

तुझ्या आईला त्यातलं काय कळतं हे तुला कुणी सांगितलंच नाही. ती तर सांगणारच नाही. तुमच्या घरात तिचा त्या वेळचा एक फोटो नाही. मेडलं माझ्याकडं आहेत, पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळून. तिची बैठक बघितलीस का कधी? खाली बसताना उजवा पाय सरळ ठेवून बसते. आणि तूच मला हसत सांगितलं होतंस, की दवाखान्यात वजन करताना आई काट्यावर पाठमोरी उभी राहते आणि नर्सला म्हणते, आकडा मोठ्यानं वाचू नका. तू हसलीस, मीही हसले. माझं तोंड फोनवर दिसत नाही, हे एक बरं.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचणं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले. तेव्हा कुठं चुकलं तर हसू नको, आणि मी बोलता बोलता भलतीकडं गेले तर समजून घे.

तुझी आई सहा वर्षांची असताना आमच्या विहिरीच्या कठड्यावरून चालायची. कठडा वीतभर रुंद, खाली अंधार. मी खुरपं टाकून धावायचे, पण हाक मारली तर दचकेल, म्हणून पदर तोंडात कोंबून उभी राहायचे. पलीकडं पोचून उतरली की मग धपाटा. लेण्याद्रीला नेली तर साऱ्या पायऱ्या लंगडी घालत चढली. लोक देवाचं दर्शन सोडून हिच्याकडं बघायला लागले. तालुक्याच्या खेळांत एका गुरुजींनी तिला पाहिलं, घरी येऊन तुझ्या आजोबांना समजावलं, आणि नवव्या वर्षी ती पुण्याला एका वसतिगृहात गेली. पहिल्या दिवाळीला आली तेव्हा तिच्या तळहातांना फोड होते, पिकून फुटलेले. मी हळद लावायला गेले तर हात मागं घेतला. "नको आई, कातडी मऊ पडते."

तिचा आवडता खेळ म्हणजे बीम. बीम म्हणजे छातीएवढ्या उंचीवरचं लाकूड, हाताच्या पंजाएवढं रुंद, आपल्या कठड्याच्या निम्मंच. त्याच्यावर पोरी कोलांट्या घेतात. तिला शिकवणारे सर आवाज कधी चढवत नसत. त्यांनी हॉलच्या दारात वजनाचा काटा ठेवला होता. रोज सकाळी पोरी ओळीनं उभ्या राहणार, एकेक काट्यावर चढणार, सर आकडा मोठ्यानं वाचणार. आकडा बरोबर असला तर नाश्ता, नसला तर मैदानाला फेऱ्या. तुझी आई हे सगळं हसत सांगायची. मीही हसत ऐकायचे. मला वाटायचं, शहरातली शिस्त असेल.

ती सोळाची झाली आणि बातमी आली. परदेशात मुलींच्या जिम्नॅस्टिक्सची मोठी स्पर्धा होती, कुठकुठल्या देशांच्या पोरी येणार होत्या, आणि आपल्या देशाच्या संघात तुझ्या आईचं नाव लागलं होतं. आमच्या गावात तोवर विमानात बसलेलं एकही माणूस नव्हतं. जायच्या आधी तिला आठ दिवस घरी सोडलं. सरांनी चिठ्ठी दिली होती, काय खायचं, किती खायचं. आल्याबरोबर तिनं ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, छत्तीस किलोच्या वर गेलं की सर नाव काढतात. खरंच काढतात. मागच्या वेळी एकीचं काढलं."

हे तिनं मला सांगितलं होतं. हे लक्षात ठेव. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पण गाव ऐकतंय होय? सकाळी उठलं की कुणीतरी दारात. "चल गं पोरी, आमच्या घरी पाय लाव." ज्या घरात जाईल तिथं पेढा, लाडू, दूध. नको म्हटलं की घरधनीण म्हणणार, "आमच्या हातचं चालत न्हाई व्हय आता?" तुझी आई पेढा तोंडात ठेवायची, गालात दाबून धरायची आणि घरामागं जाऊन कोंबड्यांपुढं थुंकायची. त्या आठवड्यात गावातल्या कोंबड्या लई माजल्या. तरी सगळंच काही थुंकता येत नाही. ज्या घरात शेवटचा घास जाईपर्यंत बाया समोर बसून राहतात, तिथं काय करणार?

आणि मग सरपंचांनी काढली गूळतुलेची गोष्ट. आमच्याकडं कुणाचा मोठा मान करायचा तर तुला करतात. तराजूच्या एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात त्याच्या वजनाएवढा गूळ किंवा पेढे, आणि ते सगळं देवाला. पुढाऱ्यांची व्हायची, महाराजांची व्हायची. पोरीची कधी झाली नव्हती. सरपंच आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "गावात बाईमाणसाची तुला झाली न्हाई आजवर. ही पहिली. नाय म्हणू नका, राव." तुझ्या आजोबांनी टोपी काढून परत घातली. त्यांना फार आनंद झाला की ते असंच करतात. तुझी आई उंबऱ्यात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "वजन सगळ्यांसमोर करणार का?"

सरपंच हसले. "आता तुला काय घरात लपून करायची असती व्हय?"

मला तेव्हा थांबवता आलं असतं. माझा शब्द तुझ्या आजोबांनी मोडला नसता. पण मलाही बघायची होती ना लेकीची तुला.

आदल्या दिवशी मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि थोरल्या जाऊबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांची बोलायची तऱ्हाच अशी, की आधी मायेनं विचारायचं.

"किती गं वजन लेकीचं?"

"छत्तीस."

"अगं बाई! आमचं बोकड त्याहून जड हाय."

मी पुढची भाकरी थापायला घेतली.

"छत्तीस म्हंजी सात ढेपा अन् वर किलोभर. गुऱ्हाळवाल्यानं पाच-पाच किलोच्या धा ढेपा काढल्यात. वाजतगाजत आणायच्या अन् दोन-तीन परत धाडायच्या का? पावणंरावळं म्हणतील, आई पोरीला खायाला घालती का नुसतं वाळवती." आणि उठता उठता म्हणाल्या, "तुझ्यावर गेली. भातावरची माणसं तुमी. अंगात काय असणार!"

हा 'भातावरची' शब्द मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. माझं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. तिथं भात पिकतो, नाचणी पिकते. इथं देशावर बाजरी आणि ऊस. मी आजारी पडले की भातावरची, बाळंतपणात अशक्त झाले की भातावरची, कांद्याची गोणी उचलताना वाकले की भातावरची. त्या दिवशी तव्यावरची भाकरी करपली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तुलेच्या सकाळी मी तुझ्या आईला नऊवारी नेसवली. सासूबाईंचा चांदीचा कमरपट्टा बांधला, जड तोडे घातले, वाळे घातले. जाऊबाईंचे पण तोडे मागून आणले. ओटी भरली ती गव्हानं आणि नारळांनी, एक नाही, तीन नारळ. ती म्हणाली, "आई, चालता येत नाही." मी म्हटलं, "आज कुठं कोलांट्या घ्यायच्यात?" आणि पारड्यात बसायला म्हणून मी आमची सर्वात जाड गोधडी घेतली, तिची चौकोनी घडी केली, आणि घडीच्या आत पाट्यावरचा वरवंटा ठेवला. काळा दगड, मी रोज हातात धरते तो. वरून घडी दोऱ्यानं टाचली. हळदीकुंकवाची तयारी करावी तशी केली बघ ती.

देवळासमोर कांद्याच्या बाजारातला मोठा तराजू टांगला होता. हलगी वाजत होती. मी स्वतः गोधडी पारड्यात घातली आणि लेकीला हाताला धरून बसवलं. ती बसली आणि लगेच माझ्याकडं वळली.

"आई, खाली काय गं टोचतंय?"

"गप बस. मान हाय तो."

गुऱ्हाळवाला एकेक ढेप दुसऱ्या पारड्यात ठेवायला लागला आणि पोरंसोरं मोजायला लागली. पाच. सहा. सात. पारडं हललं नाही. माझ्या मागं बायांची कुजबुज थांबली. आठ. मी जाऊबाईंकडं बघितलं, त्या तराजूकडं बघत होत्या. नऊ झाल्यावर लेकीचं पारडं उचललं गेलं आणि डुलायला लागलं, मग दहावी ढेप फोडून किलोभराचा तुकडा टाकला तेव्हा काटा मध्ये थांबला. सरपंच माइकवर ओरडले, "शेहेचाळीस किलो! आपल्या मातीची लेक, शेहेचाळीस किलो!" टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, "आता बघा, परदेशी पोरींना उचलून आपटंल ही." लई हशा झाला.

तुझ्या आईनं पारड्याच्या साखळ्या दोन्ही हातांनी धरल्या होत्या. सात वर्षं ज्या आकड्याच्या धाकात ती जगली होती तो आकडा माइकवरून ओरडला जात होता, दहानं वाढवून, आणि सगळं गाव त्याला टाळ्या वाजवत होतं. तिचं तोंड कसं झालं होतं ते मी बघितलं. बघितलं, आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जिरली जाऊबाईंची.

पेपरवाला आला होता, त्यानं फोटो काढला. दोन दिवसांनी ती पुण्याला परत गेली आणि त्याच दिवशी फोटो छापून आला. खाली ठळक आकडा.

पुढच्या रविवारी आम्ही जीप करून तिला भेटायला गेलो. सरपंच, तुझे आजोबा, जाऊबाई आणि मी. देवाला वाहिलेल्या गुळातली एक ढेप प्रसाद म्हणून पोरींसाठी बरोबर घेतली होती. हॉलच्या दारात तो काटा होता, मी पहिल्यांदाच बघत होते. काट्याच्या वर भिंतीला पेपराचं ते कात्रण चिकटवलेलं. फोटोतल्या तुझ्या आईच्या खाली कुणीतरी पेनानं लिहिलं होतं, 'गुळाची ढेप'.

सर उठून उभे राहिले, खुर्च्या मागवल्या, पाणी मागवलं. पोरी ओळीनं उभ्या होत्या. तुझी आई शेवटून दुसरी. सर माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "बरं झालं आलात, आई. मला एक कोडं पडलंय. ही आली त्या दिवशी माझ्या काट्यावर अडतीस भरली. पेपरात शेहेचाळीस आहे. दोन दिवसांत आठ किलो कुठं गेले?"

सरपंच म्हणाले, "साहेब, देवापुढचा तराजू हाय तो."

"मी तराजूला काही म्हणत नाही. ही म्हणते दागिने होते. दागिने आठ किलोचे असतात का हो? म्हणजे एक तर हिनं जुलाबाचं औषध घेऊन पोट रिकामं केलं, नाहीतर माझ्या काट्यावर काहीतरी लबाडी केली. अशी मुलगी मला संघात नको. तुम्ही तिच्या आई आहात. तुम्हीच सांगा. शेहेचाळीस खरे की खोटे?"

बाळा, तिथं जागा किती होती सांगते. माझ्या डाव्या हाताला सरपंच, उजव्या हाताला तुझे आजोबा टोपी हातात घेऊन, मागं जाऊबाई. समोर माझी लेक. ती माझ्याकडं बघत होती. तिला वरवंट्याचं कळलेलं होतं. बसल्या बसल्याच कळलं होतं. तिनं सरांना दागिने सांगितले होते, ओटी सांगितली होती, पण दगड सांगितला नव्हता. आईचं हसं होईल म्हणून. ते मी सांगावं म्हणून ती थांबली होती. एक शब्द. "खोटे." एवढाच.

मी म्हटलं, "शेहेचाळीसच."

जाऊबाईंनी मागून "हां" म्हटलं.

सरांनी मान हलवली, जसं काही त्यांना दुःखच झालं. "ठीक आहे. नाव मी लगेच काढत नाही, गावानं एवढा मान केलाय. पण आजपासून हिचं वजन दिवसातून दोनदा, सगळ्यांसमोर. जेवण निम्मं. छत्तीसच्या खाली आली नाही तर विमान आकाशात आणि ही गावात." मग त्यांचं लक्ष ढेपेकडं गेलं. "गूळ आणलाय? छान. तूच वाट सगळ्यांना. तू खाऊ नकोस."

तुझ्या आईनं ढेप फोडली. ओळीनं एकेकीच्या हातावर खडा ठेवत गेली. एक पोरगी हळूच म्हणाली, "ढेपेनं ढेप फोडली," आणि सगळ्या खिदळल्या. सरही हसले. आणि तुला खरं सांगते, सरपंचांना वाटलं काहीतरी गमतीचं चाललंय, म्हणून तेही हसले. फाटकापर्यंत ती आम्हाला सोडायला आली. पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तर म्हणाली, "आई, जा. उशीर होईल तुम्हाला."

त्यानंतर मी एकदा प्रयत्न केला. उगीच म्हणत नाही, केला. गावात एसटीडीचं बूथ नवीनच झालं होतं. आठवड्यानं मी एकटी गेले, वसतिगृहाचा नंबर लावायला सांगितला. सर स्वतः फोनवर आले. बूथवाला जाऊबाईंचा भाचा, हातावर तंबाखू चोळत माझ्याकडं बघत बसलेला. सर म्हणाले, "बोला." मी म्हटलं, "पोरगी जेवली का?" ते म्हणाले, "जेवली." मी म्हटलं, "बरं," आणि फोन ठेवला. बूथवाला म्हणाला, "काकू, एवढंच व्हय? लेकीला पण बोलवायचं की."

ती गेली स्पर्धेला. छत्तीसच्या खाली आली होती, चौतीसवर. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं मला हे फार पुढं, तुझ्या आईच्या लग्नात सांगितलं. म्हणाली, "काकू, शेवटचे चार दिवस ती काळा चहा आणि काकडी एवढ्यावर होती. बीमवर चढायच्या आधी मला म्हणाली, लाकूड दोन दिसतंय." मी हातात अक्षता घेऊन उभी होते.

आम्हाला गावात कळलं ते एवढंच, की पडली आणि पाय दुखावला. महिन्यानं ती प्लास्टर घालून घरी आली. आणि तिच्या मागोमाग कॅसेट आली. संघातल्या एका पोरीचे वडील बरोबर गेले होते, त्यांनी कॅमेऱ्यावर काढलेली. सरपंचांनीच मागवून घेतली. तुझी आई म्हणाली, "नका लावू." आजोबा म्हणाले, "अगं, गावानं तुझी तुला केली. गावाला दाखवायला नको?" रविवारी सकाळी, लाइट होती त्या वेळेला, शाळेच्या खोलीत टीव्ही आणि भाड्याचा व्हिडिओ लावला. खोली गच्च भरली. तुझ्या आईला पुढं खुर्ची दिली, पाय ठेवायला स्टूल दिलं. मान म्हणून.

केवढा तो हॉल, केवढे दिवे. निळ्या कपड्यातली एवढीशी पोर बीमवर चढली आणि खोलीत शिट्ट्या पडल्या. तिनं एक गिरकी घेतली, ती चांगली झाली. मग मागं कोलांटी टाकली आणि पाय लाकडावर आलाच नाही. पडली. उठली, हात झटकले, परत चढली. परत पडली. तिसऱ्यांदा चढली आणि शेवटची उडी मारून खाली आली तेव्हा उजवा गुडघा आत वळला. ती गुडघा धरून बसली, माणसं धावत आली, आणि चित्र हललं.

खोली गप्प झाली होती. तेवढी जरी तशीच राहिली असती तरी मी देवाचे उपकार मानले असते. पण मागून एकजण म्हणाला, "नऊ ढेपा वर चढवल्यावर लाकूड तरी काय करंल?" आणि मग जो हशा फुटला तो थांबेना. "परत लाव रं, परत लाव!" व्हिडिओवाल्यानं मागं फिरवलं. मागं फिरवताना चित्र दिसत राहतं ना, तशी तुझी आई खालून उठून उलटी वर गेली, बीमवर जाऊन उभी राहिली. पोरांना ते फार आवडलं. "उलटं फिरव, उलटं!" परत पडली, परत वर गेली. परत पडली. पाच-सहा वेळा केलं असेल. जाऊबाई पदरानं डोळे पुसत होत्या, हसून हसून आलेले. आजोबा उठून बाहेर गेले. सरपंच म्हणाले, "पुरं झालं, पुरं," पण तेही हसतच.

तुझी आई शेवटपर्यंत टीव्हीकडं बघत होती. मी तिच्या मागं उभी होते. मी "बंद करा" म्हटलं नाही. मला वाटलं, मी बोलले तर सगळे माझ्याकडं बघतील.

घरी आलो. मी मिरच्या वाटायला पाट्यापुढं बसले, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिली. मग साध्या आवाजात, वाणसामान विचारावं तसं, तिनं विचारलं, "आई, वरवंटा किती किलोचा गं?"

मी म्हटलं, "कुठला वरवंटा?"

तो माझ्या हातात होता.

तिनं पुन्हा ते विचारलं नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. गावातली पोरं तिला 'ढेप' म्हणून हाका मारायची, त्या पण तिनं ऐकून घेतल्या. प्लास्टर निघाल्यावर पुण्याला गेली, नोकरीला लागली, लग्न ठरवलं ते तिचं तिनं. वर्षातून एकदा येते, दोन तासांसाठी. तू लहान असताना तुलाही आणायची, आता तुझी शाळा सांगते. माझ्या घरात पाणी पिते. जेवत नाही. तिचा डबा तिच्या पिशवीत असतो. तुझे आजोबा दरवेळी म्हणतात, "पोरीला जरा आग्रह कर की." मी करत नाही. माझ्या आग्रहानं तिचं काय केलंय, ते त्यांना कुठं ठाऊक? त्यांना अजून शेहेचाळीसच ठाऊक आहे.

आता तू जिम्नॅस्टिक्सला जावंस की जाऊ नये, ते मी सांगणार नाही. तो माझा अधिकार राहिला नाही. तिला विचार. तिच्याइतकं कळणारं तुझ्या शाळेत कुणी नाही. आणि ती नको म्हणाली तर पाय आपटू नको.

काल मी एक केलं. पिशवीत वरवंटा घातला आणि गावातल्या किराणा दुकानात गेले. आता तिथं आकडे दिसणारा काटा आहे. दुकानदार म्हणाला, "काकू, दगड इकायला काढला का काय?" मी म्हटलं, "वजन सांग, अन् मोठ्यानं सांग." दुकानात चारपाच माणसं होती. तो मोठ्यानं म्हणाला, "चार किलो दोनशे." मग मी तिथंच उभी राहून सगळं सांगितलं. गोधडी, टाचलेला दोरा, सगळं. वाटलं होतं, कुणीतरी थुंकेल माझ्यावर, निदान कानाला हात लावेल. एकजण म्हणाला, "कवाची गोष्ट काकू, सोडा की आता." दुसऱ्याला ती गूळतुलाच आठवत नव्हती. तिसरा म्हणाला, "ती कॅसेटमधी पडली व्हती तीच ना?" आणि हसला. तेवढं मात्र त्याच्या ध्यानात होतं.

एवढी वर्षं मी ज्यांना भिऊन गप्प बसले, ती ही माणसं.

घरी येऊन आजोबांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली, आणि परत घातली नाही.

तर बाळा, हे कागद तुझ्या आईला दे. तिनं नाही वाचले तर तू एवढंच सांग, की तिनं विचारलं होतं त्याचं उत्तर आजीनं पाठवलंय. चार किलो दोनशे ग्रॅम. आणि तिला घेऊन लवकर ये. सुट्टी लागायची वाट बघू नको. मी काही रांधणार नाही, वाढणार नाही, खा म्हणून म्हणणार नाही. तुमचा डबा तुम्ही आणा. पण या.